प्रस्थान ठेवलंय

"अहो, काढा आता ते डोकं बाहेर! उद्या नळाला पाणी नाहीये," आई म्हणाली.

नानांचं तोंड बादलीत बुडालेलं होतं आणि दातांत धरलेल्या वाकड्या नळीचं टोक तेवढं पाण्यावर होतं. नळीतून घुर्र घुर्र असा आवाज येत होता. कमरेला पंचा, दोन्ही हात बादलीच्या कडांवर, आणि पेरूच्या झाडावरचे कावळेसुद्धा चिडीचूप. मी पुण्याहून सकाळच्या एसटीने नुकतीच पोचले होते. खांद्यावरची सॅकही अजून उतरवली नव्हती.

"कधीपासून चाललंय हे?" मी विचारलं.

"तू ती नळी पाठवलीस तेव्हापासून. समोरची शकू विचारत होती, सरांना दमा झालाय का म्हणून."

नानांनी डोकं वर काढलं. पाणी गळत असतानाच ते विजयी चेहऱ्याने म्हणाले, "वृंदे, रेडिओवर बातम्या लागल्या तेव्हा आत गेलो होतो. बातम्या संपल्या तरी आतच!"

"काय बातमी होती?" आईने विचारलं.

"पाण्यात ऐकू येत नाही."

"बाहेर तरी कुठे येतं!" असं म्हणून आई आत गेली.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. पण आई आठवली की तो आठवडा आधी आठवतो. हसू येतं, आणि हसताहसताच थांबतं, कारण आमच्या घरातला तो हसण्याचा शेवटचा आठवडा होता.

नाना बार्शीच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. आमच्याकडची माणसं पाण्यासाठी आभाळाकडे आणि नगरपालिकेकडे आळीपाळीने बघतात, आणि त्या गावात बसून नाना आयुष्यभर मुलांना समुद्र शिकवत राहिले. प्रयोगशाळेतल्या बरणीत एक प्रवाळ होतं. पांढरंफटक. हाडाचा तुकडा म्हणून खपवलं असतं तरी कुणी हटकलं नसतं. ते हातात धरून नाना सांगायचे, "पोरांनो, हे मेलेलं आहे. जिवंत असतं तेव्हा ह्याला रंग असतो. इवलेइवले हात हलवून हे खातं." एकदा एका मुलीने उभं राहून विचारलं, "सर, तुम्ही जिवंत बघितलंय?" नाना खोटं बोलणारे नव्हते. ते 'नाही' म्हणाले, आणि ते 'नाही' त्यांना निवृत्त होईपर्यंत कुसळासारखं टोचत राहिलं.

मी नोकरीला लागल्यावर मैत्रिणींबरोबर अंदमानला गेले, तिथे पाण्याखाली जायला शिकले. परत आल्यावर नानांना फोटो दाखवले. सगळे पाहून झाल्यावर त्यांनी नुसतं विचारलं, "माझ्या वयाच्या माणसाला नेतात का गं?" पोहणं त्यांना विहिरीत येत होतं. डॉक्टरांनी तपासून ठणठणीत म्हटलं. मी बेटावरच्या रिसॉर्टशी बोलून घेतलं. सगळं जमलं, आणि घोडं अडलं ते आईपाशी.

"मला काय करायचंय तिथे? तुम्ही पाण्याखाली, ही पाण्याखाली. मी काय वर बसून तुमचे कपडे सांभाळू?"

"मग राहू दे," नाना म्हणाले. रागाने नाही, सहजच म्हणाले. आईला सोडून ते कुठे जातच नसत. एकदा शिक्षकांच्या शिबिरासाठी नागपूरला गेले होते, तर पोट बिघडल्याचं निमित्त करून दुसऱ्याच दिवशी दारात हजर. त्यामुळे आई येणार नसेल तर प्रवाळ नाही, हे घरातल्या भिंतींनाही ठाऊक होतं. दोन दिवस आई गप्प होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "काठावर बसेन. पण बसेन पातळातच."

आणि मग तिने तयारीला असा काही पदर खोचला की जणू मुलीचं लग्नच काढलंय. शेंगांची चटणी कुटली. कडक भाकऱ्या करायला घेतल्या. बाजरीच्या पातळ, तीळ लावलेल्या, पापडासारख्या वाळवलेल्या. महिनाभर टिकतात.

"आई, रिसॉर्ट आहे ते. जेवण मिळतं."

"मिळत असेल. मासे मिळतील. आणि विमानात काय देतात ते मला शकूच्या जावयाने सांगितलंय."

नानांसाठी मी पोहायची चड्डी आणली होती. ती त्यांनी नाकारली आणि आमच्या शिंप्याकडून जाड कापडाची, नाडीवाली शिवून घेतली. "समुद्रात लाज गेली तर आणायची कुठून?" असा त्यांचा सवाल होता. आईसाठी मी गडद निळा, पूर्ण बाह्यांचा, पाण्यात घालायचा ड्रेस आणला होता. तो तिने दोन बोटांत धरून बघितला.

"हा बाहुलीचा आहे का?"

"ताणतो गं तो."

"त्याने ताणायचं आणि घालणारीने आखडून बसायचं! ठेव तुझ्याकडेच." असं म्हणाली खरी, पण ड्रेस मला परत दिला नाही. घडी घालून स्वतःच्या कपाटात ठेवला.

मी आले त्याच दिवशी, गुरुवारी, जेवणं झाल्यावर तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं आणि तिचा चेहरा पडला.

"आपण निघायचं रविवारी, आणि रविवारी अमावास्या आहे."

"असेल. त्या दिवशी भरती मोठी येते, एवढंच," नाना म्हणाले.

"मी अमावास्येला घर सोडणार नाही."

"अगं, विमान अमावास्या बघून उडत नाही."

"विमान नसेल बघत. मी बघते." थट्टेचा सूर नव्हता. तिचं हे 'नाही' मोडता येत नसे. नाना विझलेल्या चेहऱ्याने कॅलेंडरकडे बघत राहिले. तो चेहरा आईनेही पाहिला असणार. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "आज गुरुवार. आज दिवस चांगला आहे. आजच प्रस्थान ठेवते."

मला प्रस्थान म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. आईने सांगितलं. निघायचा दिवस वाईट असला तर आधीच्या चांगल्या दिवशी प्रवासाच्या सामानातलं थोडं काही शेजारी नेऊन ठेवायचं. म्हणजे प्रवास त्याच मुहूर्ताला सुरू झाला. मग खरं निघताना शेजारून ते उचलायचं आणि तसंच पुढे जायचं. तिने एका कापडी पिशवीत प्रत्येकाचा एकेक कपडा घातला. रुमालात सुपारी, हळकुंड आणि तांदूळ बांधून तोही ठेवला.

"म्हणजे सुपारी पुढे निघाली आणि आपण मागून," नाना पुन्हा खुलले होते. "तिचं तिकीट काढायचं का गं?"

"करा थट्टा. पण एक ध्यानात ठेवा, प्रस्थान ठेवलं की माणूस निघाला. मग मागं फिरायचं नाही. आणि ही पिशवी ह्या घरात परत आणायची नाही. काही झालं तरी."

पिशवी घेऊन ती स्वतः समोर शकुमावशीकडे गेली. शकुमावशी ढगे म्हणजे आमच्या गल्लीतलं आईचं माहेरच. तिथे गेली की आई लवकर उठत नसे, त्या संध्याकाळी तर फारच रमली. दिवे लागल्यावर आली, ती पदराने तोंड पुसत.

"शकूने चहा केला," ती म्हणाली आणि देवापाशी दिवा लावायला गेली.

शुक्रवारभर नानांनी तिचा पिच्छा पुरवला. "प्रवासी बाई, ह्या गाडीत चहा मिळतो का?" "प्रवासी बाई, पुढचं स्टेशन कुठलं?" आईही ठसक्यात उत्तरं देत होती. पण भाकऱ्या थापताना एरवी उभी असणारी आई त्या दिवशी पाट घेऊन बसली. मधेच डावा खांदा चोळायची. नानांनी विचारलं तर म्हणाली, "बॅगा उचलल्या ना." बॅगा खरं तर मी उचलल्या होत्या. मग म्हणाली, पित्त झालंय, आणि ओवा चावत बसली.

"डॉक्टरांकडे जाऊन येऊ या का?" नाना म्हणाले.

"प्रवासाला निघालेला माणूस दवाखान्यात जातो का कधी?" ती हसून म्हणाली, आणि आम्हीही हसलो.

शनिवारी सकाळी तिने शेवटच्या भाकऱ्या करायला घेतल्या. मी बाहेरच्या खोलीत फुगलेल्या बॅगेवर बसून चेन ओढत होते. नाना अंगणात, नेहमीप्रमाणे बादलीत. स्वयंपाकघरातून आईची हाक आली, "अहो, जरा इकडे या." पुन्हा आली. आवाज साधाच होता, मीठ संपलं म्हणून सांगावं इतका साधा. चेन लागली तशी मी उठून गेले. आई भिंतीला टेकून बसली होती, कपाळावर घामाचे थेंब. माझ्याकडे बघून म्हणाली, "तवा उतरव, करपेल."

तिचं एवढंच वाक्य मला मिळालं. मी अंगणात धावले, ओरडले. नाना पाण्यात होते, त्यांना काही ऐकू जाणं शक्य नव्हतं. मी त्यांना खांद्यांना धरून मागे ओढलं. ओल्या चेहऱ्याने, नळी तोंडात तशीच, ते माझ्याकडे हसून बघत होते. मला ते हसणं अजून सहन होत नाही. रिक्षा मिळाली, दवाखाना गाठला, पण आई वाटेतच गेली होती.

पुढचे दिवस नातेवाइकांच्या गर्दीत गेले. अंदमानची तिकिटं रद्द केली. नानांनी सगळं केलं. दहावं, बारावं, तेरावं. पण त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. धुळ्याहून आलेली माझी आत्या मला बाजूला घेऊन म्हणाली, "अगं, रडायला लाव त्याला, नाहीतर आतल्या आत कुढून जाईल." मी काय लावणार? मला स्वतःला आवरता येत नव्हतं. शकुमावशी रोज आमच्यासाठी जेवण घेऊन यायची, डबा उंबऱ्यापाशी ठेवायची आणि कुणाच्या नजरेला नजर न देता परतायची. मैत्रीण गेल्याचं दुःख, असंच आम्हाला वाटलं.

गोडाचं जेवण झालं, पाहुणे पांगले. दुपारी शकुमावशी आली आणि दारातच बसली.

"सर, ती पिशवी माझ्याकडं हाय," ती म्हणाली. "आणून देऊ का?"

आयुष्यभर मुहूर्ताची टिंगल केलेला माणूस खुर्चीत ताठ झाला. "आणू नका," नाना म्हणाले. "ती परत आणायची नाही म्हणाली होती."

ते ऐकलं आणि शकुमावशीला रडू कोसळलं. तोंडात पदर कोंबून ती हमसायला लागली. मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिने माझा हात घट्ट धरला, पण बोलली ती नानांशी.

"सर, मला सांगायलाच पायजे, न्हाई तर मला घास गिळवंना झालाय. गुरवारी वैनी पिशवी घिऊन आल्या न्हवं, तवाच त्यांच्या छातीत कळ आली. माझ्याच खाटंवर पडल्या. घामानं निथळत हुत्या. मी म्हणलं, सरांना हाक मारते. तर माझा हात धरला. म्हणल्या, शकू, तुला माझी आण हाय."

"का?" नानांचा आवाज ओळखू येत नव्हता.

"म्हणल्या, डॉक्टर मला झोपवून ठेवतील आन् मग ह्ये जायाचे न्हाईत. माझ्याबिगर ह्ये कुठंच जात न्हाईत. पोरीनं एवढं जुळवलंय, जन्मभर वाट बघितलीय त्यांनी. म्हणल्या, आता तर प्रस्थान ठेवलंय, मागं फिरायचं न्हाई. आल्यावर दावते डॉक्टरला."

शकुमावशीने पदराने नाक पुसलं.

"थोडं बरं वाटलं तशा उठल्या," शकुमावशी म्हणाली. तिच्या रडण्यात मधेच हसू मिसळलं. "मला म्हणल्या, दार लाव. आन् पिशवीतनं त्यो निळा ड्रेस काढला. माझ्या कपाटाच्या आरशापुढं घालून बघितला. लई हसलो आमी दोघी. म्हणल्या, कुणाला सांगू नकोस, ह्येंना तिथं गेल्यावर दावणार हाय. म्हणल्या, गुडघाभर पाण्यात तरी जाईन की. वाकून बघितलं तर एखादं दिसंल मलाबी."

म्हणजे आईने पिशवीत घातलेला तिचा कपडा पातळ नव्हतं.

शकुमावशीचा राग यायला हवा होता, पण आला नाही. आईने आण घातली की मीही मोडली नसती. नाना मात्र उठून खिडकीपाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मला वाटलं, आता फुटतील. पण थोड्या वेळाने ते वळले ते कोरड्या डोळ्यांनी.

"वृंदा, तिकिटं काढ."

"कुठली?"

"निघालो होतो तिथली. आणि खोली तिघांची सांग."

आत्याला कळलं तेव्हा तिने फोनवर आकाशपाताळ एक केलं. वर्षाच्या आत मजा मारायला निघालास, लोक तोंडात शेण घालतील. तिला बिचारीला काय ठाऊक! नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. "लोकांना घालू दे," म्हणाले आणि फोन ठेवला.

आम्ही निघालो तेव्हा नाना घराला कुलूप लावून थेट समोर गेले. शकुमावशीने पिशवी हळदकुंकू वाहून तयार ठेवली होती. ती त्यांनी दोन्ही हातांनी घेतली आणि मागे वळून न बघता गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या रिक्षात बसले. पुण्यापर्यंत, चेन्नईपर्यंत, पुढे बोटीत, पिशवी त्यांच्या मांडीवरच होती. विमानात ती वर ठेवा म्हणून सांगणाऱ्या मुलीला ते इतकं अजिजीने "राहू द्या ना" म्हणाले, की मला दुसरीकडे बघावं लागलं. बेटावरच्या खोलीत तीन खाटा होत्या. खिडकीजवळची खाट त्यांनी पिशवीला दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही समुद्रात गेलो. सायमन नावाचा पोर्ट ब्लेअरचा तरुण त्यांना घेऊन जाणार होता आणि मी बरोबर असणार होते. नाना आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखं सगळं ऐकत होते. होडीच्या कडेवरून पाण्यात उतरले, सायमनने मागून त्यांच्या पाठीवरची हवेची टाकी धरली आणि आम्ही हळूहळू खाली गेलो. त्यांचा श्वास संथ चालला होता. बुडबुडे सरळ रेषेत वर जात होते. मनात आलं, काय सुरेख शिकलेत.

आणि खाली ते होतं. जांभळं, पिवळं, तपकिरी, हिरवट. डोंगरउतारासारखं पसरलेलं. पाण्याबरोबर त्याचे इवलेइवले हात हलत होते, थेट नाना वर्गात सांगायचे तसेच. माशांचा एक थवा आमच्यामधून गेला. मी नानांना खूण करायला वळले, दाखवायला बोट पुढे केलं. सायमन त्यांच्या मागे होता, त्याला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. मला समोरून दिसला.

काचेआड नानांचे डोळे मिटलेले होते. कडू औषध घेताना मूल मिटून घेतं तसे, घट्ट.

मला वाटलं, घाबरलेत. मी त्यांचा हात धरला, दाबला. त्यांनी उलट माझा हात दाबला, म्हणजे शुद्धीत होते, बरे होते. मी त्यांचं बोट धरून खाली प्रवाळाच्या दिशेने नेलं. त्यांनी हात सोडवून घेतला आणि मान हलवली. नाही. पाण्याखाली होतो तोवर त्यांनी डोळे एकदाही उघडले नाहीत.

वर आल्यावर सायमनने त्यांना होडीत घेतलं. "कैसा लगा, अंकल?" त्याने उत्साहाने विचारलं.

"अच्छा है," नाना म्हणाले, आणि दोन्ही हात जोडून त्याचे आभार मानले.

होडी किनाऱ्याकडे वळली. होडीत आणखीही प्रवासी होते, आपापलं पाहिलेलं एकमेकांना मोठ्याने सांगत होते. मी नानांच्या अगदी जवळ सरकले.

"नाना, डोळे का नाही उघडलेत?"

ते ओल्या पायांकडे बघत होते.

"मागं फिरायचं नाही म्हणाली होती. नाही फिरलो," ते म्हणाले. "तिला इथवर आणलं. तिची इच्छा होती म्हणून खालीही गेलो." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पण बघू कुठल्या तोंडानं गं, वृंदे?"

आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा नाना रडले. मोठ्याने, परक्या माणसांनी भरलेल्या त्या होडीत. लोक बोलायचे थांबले, सायमनने घाबरून इंजिन मंद केलं. मी नानांना जवळ घेतलं आणि किनारा येईपर्यंत त्यांना रडू दिलं.